माहिती मिळाली नाही? तक्रार करायच्या आधी अपील करा

गावात रस्ता झाला, पहिल्याच पावसात खडी वर आली. कुणीतरी माहितीच्या अधिकारात त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे एमबीची, नक्कल मागितली. महिना उलटला तरी ग्रामपंचायतीचं उत्तर नाही. मग सुरू होतो तक्रारींचा सपाटा. कलेक्टर, पालकमंत्री, आमदार, सगळ्यांना अर्ज जातात. यातल्या बहुतेक अर्जांवर 'पुढील कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो आणि कागद फिरून पुन्हा पंचायत समितीतच येतो. तोपर्यंत अपिलाची मुदत गेलेली असते.

खरा घोळ इथंच होतो. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये तक्रार आणि अपील या दोन वेगळ्या वाटा आहेत. कलम १८ ची तक्रार राज्य माहिती आयोगाकडे होते. त्यात अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण कागद हातात मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मणिपूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. एमबीची नक्कलच हवी असेल तर कलम १९ चं अपील करावं लागतं.

मुदतीचा हिशेब असा. १ जूनला अर्ज ग्रामपंचायतीत पोहोचला, तर १ जुलैपर्यंत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर कायदा त्याला नकारच समजतो. तिथून ३० दिवसांत, म्हणजे ३१ जुलैच्या आत, पहिलं अपील. ते ग्रामसेवकाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. ग्रामपंचायतीच्या बाबतीत हा अधिकारी बहुधा पंचायत समितीतच बसतो. नाव-हुद्दा ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवा, नसेल तर पंचायत समितीत विचारावं. अपील 'जोडपत्र ब' या नमुन्यात, २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून द्यायचं. सोबत मूळ अर्जाची झेरॉक्स आणि पोच. पोच नसेल तर मात्र अवघड आहे, 'अर्ज मिळालाच नाही' म्हणायला कुणाला काही लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी शिक्का मारून घ्यावा, नाहीतर पोस्टाची पावती जपून ठेवावी.

अपिलात रागाचं पानभर लिहिण्यापेक्षा तीन ओळी पुरतात: अर्ज कधी दिला, काय मागितलं, काय मिळालं नाही. 'अभिलेख आढळून येत नाही' असं मोघम उत्तर आलं असेल तर तेही जोडावं. नकार द्यायचा असेल तर कारण आणि अपिलाची माहिती लेखी द्यावी लागते, आणि तो नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची असते, अर्जदाराची नाही. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर पानामागे २ रुपयेसुद्धा घेता येत नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असतं.

अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागला पाहिजे. नाही लागला, किंवा लागूनही पटला नाही, तर पुढच्या ९० दिवसांत आपल्या विभागाच्या माहिती आयोग खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथं तारीख लागायला बराच वेळ जातो, पण दंड तिथंच होतो: दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. अपिलात माहितीबरोबर कलम २० खाली दंडाची आणि कलम १९ खाली झालेल्या नुकसानीच्या भरपाईची मागणीही स्पष्ट लिहून ठेवावी.