दुष्फेन पाणी आणि घरगुती उपकरणे

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार ज्यात मोठ्या प्रमाणात विरघळलेले असतात, अशा पाण्यास दुष्फेन पाणी म्हणतात. या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही, त्यावरून हे नाव पडले. बोलीभाषेत त्याला जड पाणी किंवा क्षाराचे पाणी असेही म्हणतात. मात्र अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या जड पाण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. घरात या पाण्याचा सर्वाधिक परिणाम पाणी तापविणाऱ्या उपकरणांवर होतो.

उगम व मापन

पावसाचे पाणी मूलतः सुफेन असते. जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते सौम्य आम्लधर्मी होते. असे पाणी खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. त्यामुळे विहीर व कूपनलिका यांचे पाणी धरणाच्या पाण्यापेक्षा बहुधा अधिक दुष्फेन असते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या जलाशयांतून मिळणारे पाणी सुफेन आहे. पण शहरांच्या वाढत्या सीमेवरील वसाहतींत, जेथे नळाला कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी येते, तेथे परिस्थिती वेगळी असते. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील पाण्याचा खारटपणा हा वेगळा विषय आहे. खारे पाणी दुष्फेन असू शकते, पण दुष्फेन पाणी चवीला खारट असतेच असे नाही.

दुष्फेनता प्रतिलिटर मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट या प्रमाणात मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे, तर दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही गिझरला त्रासदायक ठरू शकते.

थर कसा साचतो

कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटांमुळे येणाऱ्या दुष्फेनतेस अस्थायी, तर त्यांच्या सल्फेट व क्लोराइड क्षारांमुळे येणाऱ्या दुष्फेनतेस स्थायी म्हणतात. पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट उरते. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेट मात्र कमी विरघळते. म्हणून जो पृष्ठभाग सर्वांत गरम, त्यावरच थर प्रथम बसतो. अस्थायी दुष्फेनता ३०० मिलिग्रॅम असलेले ५० लिटर पाणी रोज तापविल्यास त्यात रोज १५ ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे साडेपाच किलो क्षार असतो. प्रत्यक्षात त्याचा काही अंशच साचतो, कारण आंघोळीचे पाणी उकळीपर्यंत नेले जात नाही. तापमान जितके कमी ठेवावे तितका थर कमी साचतो.

उपकरणांवरील परिणाम

क्षाराच्या थरामुळे विजेचे बिल वाढते, असे सरसकट सांगितले जाते. साठवण टाकीच्या विजेच्या गिझरबाबत ते फारसे खरे नाही. तेथे कॉइल पाण्यात पूर्ण बुडालेली असते व तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. खरे नुकसान कॉइलचे होते. क्षाराचा थर उष्णतेचा मंद वाहक असल्याने आतील धातू प्रमाणाबाहेर तापतो आणि कॉइल लवकर जळते. बादलीत वापरायचा हीटरचा रॉड व विजेची किटली यांनाही हेच लागू पडते. थरात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन गिझरमधून खदखद किंवा तडतड ऐकू येते, ही त्याची ओळखीची खूण.

गॅस गिझरमध्ये ज्योत बाहेरून तांब्याची नळी तापविते आणि थर आतून साचतो. थरामुळे अडलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते. येथे मात्र इंधन खरोखर वाया जाते. शिवाय नळी अरुंद होऊन पाण्याचा प्रवाह घटतो.

कपडे धुण्याच्या यंत्रात साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो व तो कपड्यांत अडकतो. संश्लेषित डिटर्जंटचा असा साका होत नाही, तरी त्याची मात्रा वाढवावी लागते. आरओ यंत्राच्या पटलावर क्षार साचून त्याचे आयुष्य घटते. त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्यापेक्षाही अधिक दुष्फेन असल्याने ते वाफेच्या इस्त्रीत किंवा कुलरमध्ये वापरणे चुकीचे ठरते.

उपाय

तुरटीने गढूळपणा जातो, दुष्फेनता जात नाही. उकळण्याने केवळ अस्थायी दुष्फेनता कमी होते. अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४१ साली चुन्याची निवळी वापरून ती काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. धुण्याचा सोडा दोन्ही प्रकारांवर चालतो. नळीवर बसविल्या जाणाऱ्या चुंबकीय साधनांच्या परिणामकारकतेचे पुरावे परस्परविरोधी आहेत.

किटलीतील थर सायट्रिक आम्लाच्या किंवा व्हिनेगरच्या द्रावणाने विरघळतो. त्यासाठी स्नानगृह धुण्याचे तीव्र आम्ल वापरल्यास धातू खराब होतो, आणि ते ब्लीचिंगच्या द्रावणात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

संपूर्ण घरासाठी आयन-विनिमय यंत्र वापरतात. त्यातील रेझीन कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. रेझीनची क्षमता संपली की मिठाच्या पाण्याने ती परत आणतात. अशा पाण्यात एकूण विरघळलेले क्षार जवळजवळ तेवढेच राहतात, त्यामुळे टीडीएस मापकाचा आकडा घटत नाही आणि यंत्र बिघडल्याचा गैरसमज होतो. सोडियममुळे हे पाणी कुंड्यांतील झाडांना घालू नये.