चार पंजांची पकड : रोजच्या वेगवान गाडीबद्दलचे गैरसमज

पावसाळा सरल्यावर रविवारी सकाळी सहा-साडेसहाला ताम्हिणी घाटात पोचलात, तर चहाच्या टपरीसमोर सात-आठ गाड्या उभ्या दिसतील. पोलो, वर्टुस, आय-ट्वेंटी एन लाइन, एखादी जिवापाड जपलेली अबार्थ पुंटो. चहा येईपर्यंत बॉनेट उघडतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, इंजिनाच्या संगणकाची फाइल बदलण्याचा, म्हणजे रिमॅपचा : "स्टेज वन केलंय का?"

मागच्या डिसेंबरात तिथेच एका तेविशी-चोविशीच्या मुलाने मला त्याची गाडी दाखवली. सेकंडहँड घेतलेली आणि आठवडाभरात रिमॅप करून आणलेली. "काका, पिकअप एकदम भारी झालाय. फक्त वळणावर पुढून सरकते. सस्पेन्शन बदलू का?" मी उकिडवा बसून पुढचा टायर पाहिला. टायरच्या बाजूला 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे होते २३१७, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती. पण नख रुतत नव्हतं आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा पडल्या होत्या. "अरे, इंजिनाला नवी ताकद दिलीस, पण ती रस्त्यावर उतरवायला आठ वर्षांचं वाळलेलं रबर ठेवलंस," असं मी त्याला म्हणालो. तो गप्प झाला. मला वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती. गाडीचं वेड लागलेल्या पोराला सगळे सल्ले इंजिनाचेच मिळतात.

गाडीचा आणि रस्त्याचा संबंध फक्त चार ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाण साधारण हाताच्या पंजाएवढं असतं. पळणं, वळणं, थांबणं, सगळं या चार पंजांवर चालतं. पुढे जे लिहितो आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे.

"अश्वशक्ती जास्त, तेवढी मजा जास्त"

जाहिरातीत छापलेली अश्वशक्ती ही इंजिनाची कमाल मर्यादा असते आणि ती ठरावीक आरपीएमलाच मिळते. फोक्सवॅगन वर्टुस जीटीचं १.५ लिटर टर्बो इंजिन १५० अश्वशक्तीचं आहे, पण ती ५,००० ते ६,००० आरपीएमच्या दरम्यान. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर किंवा ठाण्याच्या घोडबंदरला आपण तिथे कधी जातो? रोजची गाडी दीड ते तीन हजारांत चालते. तिथे कामाला येतो तो टॉर्क. या इंजिनाचा २५० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० आरपीएमपासूनच हजर असतो.

हिशेब सोपा आहे. टॉर्कला आरपीएमने गुणून ९,५४९ने भागलं की किलोवॅट मिळतात. वर्टुसला २,००० आरपीएमवर सुमारे ५२ किलोवॅट, म्हणजे ७१ अश्वशक्ती मिळते. काही वर्षांपूर्वीच्या स्विफ्टचं टर्बो नसलेलं १.२ लिटर इंजिन कागदावर ९० अश्वशक्तीचं आणि ११३ न्यूटन-मीटरचं. त्याचा कमाल टॉर्क २,००० आरपीएमवरच मिळतो असं उदारपणे धरलं, तरी तिथे हाती येते फक्त ३२ अश्वशक्ती. कागदावर एक गाडी दुसरीच्या पावणेदोनपटही नाही, सिग्नलवरून निघताना मात्र दुपटीहून अधिक. पायाला जाणवतो तो पिकअप हा. म्हणून गाडी घेताना ब्रोशरमधल्या अश्वशक्तीच्या शेजारचा, ती कुठल्या आरपीएमला मिळते तो बारीक आकडा आधी वाचा.

याचा अर्थ स्विफ्टमध्ये मजा नाही असा मुळीच नाही. ती गाडी नऊशे किलोंच्या आसपासच होती. हलकी गाडी वळणात पटकन नाक वळवते, लवकर थांबते, टायर कमी खाते. आणि कमी ताकदीचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत ताणताना वेग कायद्याच्या आसपासच राहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही कारला मर्यादा १०० किलोमीटरची आहे. २६५ अश्वशक्तीची गोल्फ जीटीआय तिथे कितीसं बळ वापरणार? ती गाडी सुंदर आहे, पण तिचं सौंदर्य तिच्या स्टिअरिंगमध्ये आणि बसण्यात आहे. तेच गुण कमी पैशांच्या गाडीतही शोधता येतात.

"रिमॅप म्हणजे फुकटची ताकद"

टर्बो पेट्रोल इंजिनात हे अर्धवट खरं आहे. संगणकाची फाइल बदलून टर्बोचा दाब, इग्निशनची वेळ आणि इंधनाचं प्रमाण बदललं, की वीस-तीस टक्के वाढ मिळू शकते. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा वाढवण्याची सोयच नसते, म्हणून तिथे रिमॅपने फरक पडतो तो बहुतेक ॲक्सिलरेटरच्या प्रतिसादात. त्यासाठी मोठी रक्कम मोजणं मला पटत नाही.

पण टर्बोतही वाढलेला टॉर्क जातो कुठे, हे कुणी विचारत नाही. तो क्लचमधून आणि गिअरबॉक्समधून जातो. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये हाच गिअरबॉक्स होता आणि इंजिन १७५ न्यूटन-मीटरचं, म्हणजे ७५ न्यूटन-मीटरची जागा शिल्लक. वर्टुस जीटीमध्ये इंजिनच २५० देतं. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतायचं तर ते सांडणारच. एकच गिअरबॉक्स, पण एका गाडीत वीस टक्के वाढ पचते आणि दुसरीत ती थेट क्लचच्या आयुष्यातून वजा होते.

आणखी एक समजूत कानावर येते : "वॉरंटीत गाडी न्यायच्या आधी ओरिजिनल फाइल परत टाकायची, कळत नाही." कळतं. फाइल किती वेळा लिहिली गेली याची मोजदाद अनेक आधुनिक इंजिन-संगणक ठेवतात. रिमॅप करायचाच असेल तर वॉरंटी संपल्यावर, क्लचचा खर्च मनात धरून आणि डोळे उघडे ठेवून करा.

"मोठे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबते"

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा गैरसमज, कारण यावर जीव अवलंबून आहे.

पॅडल जोरात दाबल्यावर एबीएस खडखडायला लागला, याचा अर्थ ब्रेकमध्ये चाक अडवायला पुरेसं बळ आहे. कमी पडतेय ती टायरची पकड. त्यापुढे लाल रंगाचे केवढेही कॅलिपर लावा, थांबण्याचं अंतर तिथून कमी होत नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या दोन सारख्या गाड्या ओल्या रस्त्यावर धरू. एकीच्या चांगल्या टायरांचा घर्षणांक ०.७ आहे, दुसरीच्या कडक झालेल्या टायरांचा ०.५. ब्रेक लागल्यापासून पहिली ५६ मीटरवर उभी राहते, दुसरीला ७९ मीटर लागतात. पहिली जिथे थांबली त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ५३ किलोमीटरने पुढे जात असते. या दोन गाड्यांत फरक फक्त टायरांचा.

मग मोठे ब्रेक करतात काय? उष्णता सोसतात. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी हजार मीटरहून जास्त खाली येते. माणसांसकट १,३०० किलोंची गाडी हजार मीटर उतरली तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यावर ३८ लिटर गार पाणी उकळेल. ती सगळी ब्रेकवर टाकलीत तर डिस्क तापतात, पॅड गुळगुळीत होतात आणि ब्रेक ऑइल उकळायला लागतं. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल तळापर्यंत जातं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलेल्यासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणातल्या दमट हवेत तर हे लक्षात ठेवाच. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला हजार-दोन हजार रुपये लागतात, आणि ते न बदलता चाळीस हजारांचं ब्रेक किट लावणारे मी पाहिलेत. बाकी उपाय आपल्या एसटीचे चालक रोज करतात : घाट ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

"रिम जितकी मोठी, तितकी गाडी रस्ता धरते"

टायर दहा-वीस मिलिमीटर रुंद केला तर कोरड्या रस्त्यावर फायदा होतो. रिम मोठी करण्याचा फायदा मुख्यतः डोळ्यांना. १८५/६० आर १५ या टायरचा पूर्ण व्यास ६०३ मिलिमीटर. त्याच रिमवर १९५/५५ घेतला तर ५९५, म्हणजे एक-सव्वा टक्क्याचा फरक, चालून जातो. पण १९५/५५ आर १६ चढवला की व्यास ६२१ होतो. मग स्पीडोमीटर मूळपेक्षा तीन टक्के कमी दाखवतो आणि गिअर तेवढे लांब होतात, म्हणजे पिकअपसाठी धडपडणाऱ्याचा पिकअपच घटतो. शिवाय जड रिममुळे चाकाला खड्ड्याचा आकार धरता येत नाही आणि गाडी टणाटण आदळते. मीही एकदा हौसेने सतरा इंची रिमा बसवल्या होत्या. चौथ्या महिन्यात, पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात, पुढची डावी रिम तडकली आणि रात्री साडेअकराला मी भर पावसात जॅक लावत होतो. मूळच्या पंधरा इंची रिमा सुदैवाने विकल्या नव्हत्या.

"शंभर ऑक्टेनने ताकद वाढते"

ऑक्टेन म्हणजे इंधनातली शक्ती नव्हे. दाबाखाली ठिणगीविना आपोआप पेट न घेण्याची, म्हणजे 'नॉक' टाळण्याची, ती क्षमता आहे. साध्या इंजिनात एक्सपी १०० ओतून काहीही मिळत नाही. टर्बो इंजिनात, त्यातही रिमॅप केलेल्या, नॉक सेन्सर इग्निशन मागे ओढत असतो. तिथे वरचं ऑक्टेन खरंच उपयोगी पडतं, विशेषतः नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात. इथेनॉलचं गणित उलट आहे : त्याचं ऑक्टेन जास्त, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी. त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलमध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. तुमची गाडी ई-२० साठी बनली आहे का, हे मालक-पुस्तिकेत बघून घ्या.

"थोडंफार मॉडिफिकेशन चालतं, सगळेच करतात"

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आवाजाच्या मर्यादा मोडणाऱ्या एक्झॉस्टला दंड १०,००० रुपयांपर्यंत. तो एक्झॉस्ट पहाटे पाच वाजता ज्यांच्या खिडकीखालून जातो, त्यांचाही विचार करा. आणि विम्याला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्या अंगावर येऊ शकतो. झीज झालेल्या भागांच्या जागी योग्य मापाचे उत्तम टायर, चांगले पॅड, नवे शॉकअप घालणं यात असली कुठलीच भीती नाही. आणि गाडीची किंवा स्वतःची हद्द शोधायची असेल तर चेन्नईजवळ आणि कोइमतूरला ट्रॅक आहेत. आपल्याकडे कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. वळणाची रेषा कशी धरायची हे कार्टमध्ये एका दुपारी जेवढं कळतं, तेवढं मला वर्षभर घाट पालथे घालून कळलं नव्हतं.

"रनिंग कमी, म्हणजे गाडी नवी"

गाडी किलोमीटरनेही जुनी होते आणि वर्षांनीही. रबराला मीटर वाचता येत नाही. टायर, सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे पाइप, इंजिन माउंटिंग हे सगळं नुसतं उभ्या-उभ्या वाळतं. माझी सध्याची हॅचबॅक मी घेतली तेव्हा नऊ वर्षांत फक्त ३४,००० किलोमीटर चालली होती. आतून अगदी करकरीत. विकणाऱ्याने सर्व्हिसची बिलं दिली, गाडी सकाळी थंड असताना सुरू करून दाखवली, मला हव्या त्या खराब रस्त्यावरून काचा वर करून, गाणी बंद ठेवून वीस किलोमीटर चालवू दिली. तेव्हाच समोरून टकटक ऐकू आली होती. तिच्यापोटी किंमत कमी करून मी गाडी घेतली आणि इंजिनाला हात लावला नाही. चारही शॉकअप, खालच्या आर्मचे बुश, नवे टायर, ब्रेक ऑइल, शेवटी अलाइनमेंट. रिमॅपला लागले असते साधारण तेवढेच पैसे.

पुढच्या रविवारी मुळशीच्या पुढे निघालो. एक डावं वळण आहे, त्याच्या बरोबर मध्यावर डांबराचा उंचवटा आहे. आधी तिथे गाडी उडून बाहेरच्या कडेला अर्धा हात सरकायची आणि स्टिअरिंग दोनदा दुरुस्त करावं लागायचं. यावेळी तिसऱ्या गिअरमध्ये, काटा पन्नाशीवर असताना, पुढचं चाक उंचवट्यावर चढलं, एकदाच दबलं आणि खाली बसलं. स्टिअरिंगमधून डांबराचा खरबरीतपणा बोटांना लागत होता. वळण संपेपर्यंत हात जिथे होते तिथेच राहिले. पुढे गाडी फिरवायला जागा मिळाली, तिथून मागे वळलो आणि तेच वळण पुन्हा एकदा घ्यायला आलो.