चीज, अक्रोड आणि मोहन

शंकरपाळ्यांच्या मैद्यात मोहन घातलं की आई मूठभर पीठ दाबून बघायची. मुटका झाला आणि बोटाने टोकरताच त्याचा भुगा झाला, तर मोहन बेताचं. परवा चीज-अक्रोडाचं शॉर्टब्रेड करताना माझ्या हाताने आपसूक तीच परीक्षा घेतली. दोन्हीकडे रसायनशास्त्र एकच आहे.

शॉर्टब्रेड हे स्कॉटलंडचं बिस्किट, तिकडे नववर्षाच्या स्वागताला हमखास लागणारं. वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. नावातला ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड नव्हे. चटकन मोडणाऱ्या, भुसभुशीत पदार्थालाही इंग्रजीत हा शब्द लावतात. मराठीत त्याला खुसखुशीत म्हणतात, आणि मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो. त्यात दाताखालचा आवाजही आहे.

मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि पीठ मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. पोळी लाटताना ते हवंच, खुसखुशीत पदार्थात मात्र ते वैरी. मोहन मैद्याच्या कणांवर पातळ थर देतं, पाण्याला आत शिरू देत नाही. साखरही मदतीला येते, उरलंसुरलं पाणी स्वतःकडे ओढून घेते. बाजारातल्या बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. तुपातली नानकटाई जिभेवर ठेवताच विरघळते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता यात चीज घालायचं, म्हणजे पाण्याचा हिशेब आला. पहिल्या खेपेला मी घरातलं प्रोसेस्ड चीज किसून घातलं. बिस्किटं रंगाने सुरेख झाली, पण चिवट! त्या चीजमध्ये 45 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. 60 ग्रॅम चीज म्हणजे पिठात जवळजवळ दोन मोठे चमचे पाणीच ओतल्यासारखं. दुसऱ्या खेपेला पार्मेझान घेतलं. ते किमान बारा महिने मुरवतात आणि त्यात पाणी तीसेक टक्केच उरतं. स्निग्धांशही तितकाच. म्हणून 60 ग्रॅम चीज घातल्यावर 20 ग्रॅम बटर कमी केलं आणि मोहन पुन्हा जागेवर आलं. बटर मात्र बिनमिठाचं घ्यावं, कारण चीजमध्येच मीठ भरपूर असतं.

चीज मुरताना त्यातली प्रथिनं तुटतात आणि अमिनो आम्लं सुटी होतात. पार्मेझान खाताना दाताखाली जे बारीक कण कचकचतात, ते मिठाचे नसून बहुतांशी टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. ग्लुटामेटही असंच सुटं होतं. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्शातून जी ‘उमामी’ चव वेगळी काढली, ती याच ग्लुटामेटची.

या बिस्किटातली सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र अक्रोडापाशी घडते. अक्रोडाच्या पातळ सालीत टॅनिन असतं, म्हणून तो किंचित कडवट-तुरट लागतो. 1997 मध्ये ब्रेस्लिन आणि बोशाँ या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की मीठ कडूपणा दाबतं आणि कडूपणाखाली झाकलेला गोडवा त्यामुळे वर येतो. चीजचा खारटपणा नेमकं हेच करतो. 50 ग्रॅमऐवजी 40 ग्रॅम साखर घातली, तरी खाणाऱ्याला गोडी कमी वाटली नाही. पुरणात चिमूटभर मीठ घालणाऱ्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

भाजताना जरा सांभाळावं लागतं. अमिनो आम्लं आणि साखर तापली की त्यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होते. भाकरीवरचे तपकिरी डाग आणि पावाचा खमंग वास हे तिचंच काम. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, दुधाच्या प्रथिनात भरपूर, आणि या अभिक्रियेत ते फार चपळ. त्यामुळे चीज घातलेलं बिस्किट साध्यापेक्षा लवकर लाल होतं. माझ्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर कडा करपल्या, आत मात्र कच्चं राहिलं. 160 वर वीसेक मिनिटांत नीट जमलं. भाजण्याआधी पिठाची वळकटी तासभर फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे चकत्या धारदार कापल्या जातात आणि बटर एकदम वितळून पसरत नाही.

अक्रोड आधी चाखून बघा. त्यातलं तेल बहुतांशी असंतृप्त असल्यामुळे हवेने लवकर खवट होतं, आणि तो खवटपणा कितीही चीज घातलं तरी लपत नाही.

ओव्हनमधून काढल्याबरोबर बिस्किट उचलू नका. तेव्हा बटर पातळ असतं, चकती बोटाखाली दबते आणि कच्ची राहिल्यासारखी वाटते. ताटात पसरून अर्धा तास ठेवा. गार होताना स्निग्धांश पुन्हा घट्ट होतो, साखर कडक होते आणि मगच चकती कट्कन मोडते.