स्मार्टफोनवरील जपानी अक्षररूपांचा प्रश्न

जपानी मजकूर यंत्राच्या पडद्यावर बिघडतो तो दोन प्रकारांनी. पहिला प्रकार जुना व ढळढळीत. मजकूर एका संकेतपद्धतीत लिहिलेला असावा आणि यंत्राने तो दुसरीत वाचावा, म्हणजे सगळ्या अक्षरांचा चिवडा होतो. जपानीत त्याला ‘मोजिबाके’ म्हणतात. युनिकोडचा प्रसार झाल्यापासून तो क्वचितच दृष्टीस पडतो. दुसरा प्रकार मात्र युनिकोडमधूनच उद्भवलेला असून तो मूक आहे. मजकूर वाचता येतो, अर्थही लागतो. परंतु काही कांजी अक्षरे जपानी वळणाऐवजी चिनी वळणाने उमटलेली असतात. जपानी वाचकाला ती तत्काळ खटकतात. शिकाऊ वाचकाला खटकत नाहीत, आणि खरा धोका तेथेच आहे.

‘होने’ म्हणजे हाड, ह्या अर्थाचे अक्षर घ्यावे. त्याच्या वरच्या भागातील लहान कोपरा जपानी वळणात उजवीकडे असतो व एकूण रेघा १० भरतात. चीनच्या प्रमाण वळणात तो कोपरा डावीकडे जातो आणि रेघा ९ होतात. पुण्यात बसून जपानी शिकणारा विद्यार्थी फोनवर पाहून ९ रेघा मोजील, तर जपानी कोशाच्या रेघासूचीत त्या संख्येखाली हे अक्षर त्याला सापडावयाचे नाही. ‘सरळ’ ह्या अर्थाच्या अक्षरातही असाच भेद आहे. जपानी रूपात डावीकडून खाली उतरून उजवीकडे वळणारी काटकोनी रेघ असते. चिनी रूपात तिच्या जागी तळाशी नुसती आडवी रेघ येते.

ह्याचे मूळ संकेतांकांच्या रचनेत आहे. जपानने १९७८ साली आपला राष्ट्रीय प्रमाणसंच निश्चित केला, तेव्हा त्यात ६,३४९ कांजी होत्या. चीन, तैवान व कोरिया ह्यांचे संच निराळे होते. युनिकोडची मूळ कल्पना १६ बिटांची, म्हणजे एकंदर ६५,५३६ जागांची होती. तीत प्रत्येक देशाची हान अक्षरे पृथक् मांडणे शक्य नव्हते. म्हणून समान अक्षरांचे एकीकरण करून १९९२ मध्ये २०,९०२ अक्षरांचा एकच संच सिद्ध करण्यात आला. केवळ वळणाचा भेद हा अक्षराचा भेद नव्हे, हे त्यामागील तत्त्व होय. स्वनिम आणि स्वनांतर ह्यांच्यातील संबंधाशी परिचित असलेल्यास ते सयुक्तिकच वाटेल. परंतु सीमारेषा कोठे ओढावयाची? ‘दार’ ह्या अर्थाच्या अक्षराच्या तीन रूपांना तीन संकेतांक मिळाले; हाडाच्या वाट्याला एकच आला. तत्त्वापेक्षा तडजोडीचा अंश येथे अधिक दिसतो.

संकेतांक एकच असल्यामुळे रूपाची निवड फोनवर येऊन पडते. इंग्रजी किंवा मराठी भाषेवर लावलेल्या फोनच्या मुख्य फाँटात कांजी नसतात. तेव्हा यंत्र पर्यायी फाँटांच्या यादीकडे वळते, आणि मजकुराची भाषा सांगितलेली नसल्यास वापरणाऱ्याने निवडलेल्या भाषांचा क्रम पाहते. त्यात जपानी नसेल, तर अँड्रॉइडच्या यादीत आधी येणारे सरलीकृत चिनी रूप पुढे होते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये एकाहून अधिक भाषा क्रमाने नोंदविता येतात. मराठीखाली जपानी जोडली की कांजी बहुतेक ठिकाणी जपानी वळणाने दिसू लागतात. मात्र चिनीही नोंदवावयाची असल्यास ती जपानीच्या खाली हवी. आयफोनवरही हा क्रम महत्त्वाचा ठरतो. मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याने त्याची भाषा जपानी असल्याची खूण संकेतात घातली, तर वाचणाऱ्यावर हा भार पडत नाही.

मराठी वाचकाला ही अडचण सर्वस्वी परकी नाही. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे. हिंदीची वळणे वेगळी, तरी संकेतांक तेच. मराठी रूपे फाँटात असली, तरी भाषेची खूण नसेल तर ती सुप्तच राहतात. ‘ल’ कोणत्याही वळणाने लिहिला तरी शब्द अडत नाही, एवढाच काय तो दिलासा.

साध्या संदेशाची गोष्ट वेगळी. त्यात भाषेची खूण ठेवावयास जागाच नसते. एकाच संदेशात जपानी व चिनी वाक्ये शेजारी आली, तर फोन साधारणतः दोन्हींना एकाच वळणाचा फाँट लावतो, आणि दोहोंपैकी एका भाषेची अक्षरे परक्या वेषात वावरतात.