बिडाच्या तोफेला घडीव अस्तर

बिडाचा तवा फरशीवर आपटला की वाकत नाही, सरळ तुकडा उडतो. बीड दाब सोसतं, ताण नाही. तोफही अशीच फुटते. फरक एवढाच की तिच्याभोवती माणसं उभी असतात.

१८५९-६० मध्ये फ्रान्सचं ‘ग्लुआर’ आणि ब्रिटनचं ‘वॉरियर’ ही चिलखती जहाजं पाण्यात उतरली आणि किनाऱ्यावरच्या गुळगुळीत नळीच्या तोफा एकाएकी म्हाताऱ्या झाल्या. (गंमत म्हणजे ‘वॉरियर’वरही २६ तोफा त्याच जुन्या, ६८ पौंडी जातीच्या.) आता हवा होता गरगरत जाणारा लांबट गोळा. त्यासाठी नळीत पीळदार खाचा आल्या, आणि त्यासोबत वाढलेला दाब, ज्याचा ताण बिडाला झेपत नव्हता. जुन्या तोफा मोडीत काढाव्यात, तर बिडाला भाव तो काय येणार!

अमेरिकेत पॅरट यांनी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी तसं तोफेच्या बुडावर तापलेलं कडं चढवलं. तरी यादवी युद्धात त्या तोफा फुटल्याच. डब्लिनचे विल्यम पॅलिसर यांनी अस्तर आतून घातलं. लाल तापलेली घडीव लोखंडाची पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळून, ठोकून एकजीव केलेली नळी. जुनी तोफ आतून कोरून त्यात ती तोंडाकडून सरकवायची, पुढे कडं आट्यांनी आवळायचं आणि दारूचे जबर बार काढायचे. त्या दाबाने नळी फुगून बिडाला चिकटून बसे. चाचणी आणि जोडकाम एकाच दमात! मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे.

६८ पौंडी तोफेचं ८.१२ इंचांचं तोंड ६.२९ इंचांवर आलं, गोळा मात्र ८० पौंडांचा झाला, कारण तो आता लांबट होता. गोलंदाजाचं काम नाजूक झालं. गोळ्यावरची तांब्याची बोंडं नळीतल्या तीन खाचांत नेमकी बसवून मग गजाने ढकलायचं. बुडाशी एक बारीक भोक ठेवलेलं असे. तिथून धूर आला की आतली नळी तडकली म्हणून समजायचं.

अमेरिकेनेही पुढे १० इंची रॉडमन तोफांना अस्तर घालून ८ इंची केलं. ब्रिटिशांच्या ८० पौंडी तोफा ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या. न्यूकॅसलच्या फोर्ट स्क्रॅचलीवर त्या होत्या. तोवर पोलादी, मागून भरायच्या तोफा आल्याच होत्या.

अशी तोफ बाजूने जुनीच दिसते. तोंडाशी वाकून पाहिलं की जाड बिडाच्या आत दुसऱ्या धातूचं कडं दिसतं.