संचालक मंडळाचे काम कोणते, सभासदाचे कोणते?



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस व अहवाल लवकरच आपल्या हाती पडेल. पुष्कळ घरांत हा अहवाल न उघडताच फळीवर जातो. "आपण मत दिलं, आता संचालक बघतील," असे भिंगार गटात फिरताना नेहमी ऐकायला मिळते. हा समज बरोबर नाही. कारखान्यात कोणाचा अधिकार कुठपर्यंत आहे, हे प्रत्येक ऊस उत्पादकाला माहीत हवे. कारण त्याचा परिणाम शेवटी उसाच्या बिलावर होतो.

मालक कोण?

भिंगारच्या कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. त्याचा अध्यक्ष लष्कराचा अधिकारी असतो. तो आपल्या हुद्द्यामुळे अध्यक्ष होतो, लोक त्याला निवडत नाहीत. आपल्या कारखान्याचे तसे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७२ प्रमाणे संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. कलम ७३ प्रमाणे कारभार पाहण्याचे काम संचालक मंडळाकडे सोपवलेले असते. मंडळाची मुदत पाच वर्षांची. त्याने धोरण ठरवायचे, अंदाजपत्रक मंजूर करायचे, हिशेब तपासायचा. रोजचे काम कार्यकारी संचालक व त्यांच्या हाताखालची खाती करतात.

शेअर एक असो की दहा, सभासदाला मत एकच. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी २८ कामकरी लोकांनी सहकारी दुकान काढले. तेव्हापासून हा नियम सहकारात पाळला जातो. खासगी कंपनीत ज्याचे भांडवल जास्त त्याचे वजन जास्त. आपल्याकडे दोन एकरवाला आणि वीस एकरवाला सभेत सारखेच.

प्रवरानगरचा धडा

चांगले मंडळ कसे असते, हे पाहायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायला नको. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांचे शाळेतले शिक्षण थोडेच झाले होते. पण १९२३ साली त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी उभी केली. पुढे १९४५ साली बेलापूरला कालव्यावरच्या बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. या दोघांच्या मेहनतीतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारखान्यासाठी गावोगाव हिंडून शेअर गोळा करण्यात विखे पाटील पुढे होते. तरी पहिले चेअरमन गाडगीळ झाले आणि विखे पाटील व्हाइस चेअरमन राहिले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असलेले गाडगीळ सुमारे दहा वर्षे त्या खुर्चीवर होते. त्यानंतर विखे पाटील चेअरमन झाले. शेतकऱ्याची नाडी ओळखणारा एक आणि हिशेबाची शिस्त जाणणारा दुसरा, असे दोघे मंडळात एकत्र होते. खुर्ची कोणाला, यापेक्षा संस्थेला काय हवे याचा विचार आधी झाला. मंडळ निवडताना आपणही हेच पाहावे. आपल्या भावकीतला आहे की नाही, यापेक्षा ताळेबंद वाचता येतो की नाही, हे विचारावे.

चिठ्ठीने काय होते?

आता माझ्या खात्याचा विषय. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या नोंदीवरून व उसाच्या पक्वतेवरून ठरतो. हा क्रम एकदा मंडळाने मंजूर केला की तो संचालकालाही लागू असतो. पण सभासदच संचालकाकडे जाऊन म्हणतो, "दादा, एवढी चिठ्ठी द्या, टोळी आमच्या फडात येऊ द्या." पाळी नसलेला कोवळा ऊस गव्हाणीत पडतो आणि ज्याचा ऊस तयार आहे त्याच्या फडात तुरे येतात. दोन्हीकडे साखर जाते.

हिशेब करून पाहा. पाच लाख टन गाळपात साखर उतारा फक्त ०.१ टक्क्याने घसरला, तर ५,००० क्विंटल साखर कमी होते. किमान उसाचा दर, म्हणजे एफआरपी, उताऱ्यालाच जोडलेला आहे. म्हणजे एका चिठ्ठीचा भुर्दंड साऱ्या सभासदांना बसतो. सबब संचालकाने क्रम नीट पाळला जातो का ते पाहावे, चिठ्ठी देऊ नये. आणि सभासदाने ती मागू नये.

सभासदाचे हक्क

कलम ३२ प्रमाणे अधिनियम, पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचे व मंडळाच्या सभांचे इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. हे मागणे म्हणजे कोणावर अविश्वास नव्हे.

सभेला येताना निदान एवढे प्रश्न लिहून आणावेत :

१. ३१ मार्चअखेर कर्ज किती, आणि गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले?
२. लेखापरीक्षकाने कोणते दोष दाखवले? दोष दुरुस्ती अहवाल दिला का?
३. साखर उतारा किती पडला? कमी असल्यास कारण काय?
४. उसाचे पैसे १४ दिवसांत दिले का? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते.
५. मोठी खरेदी टेंडर काढून झाली का?

"आमच्या संस्थेला काय होतंय," असे कोणी म्हणू नये. शेजारच्या नगर शहरातली नगर अर्बन बँक १९१० सालची. शंभर वर्षांवर चाललेल्या या बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. पुरेसे भांडवल नाही व कमाईची शक्यता दिसत नाही, हे कारण दिले. ठेवीला विम्याचे संरक्षण माणशी पाच लाखांपर्यंतच असते. त्यावरची रक्कम वसुली कधी होते याच्या भरवशावर राहते. जुने नाव संस्थेला वाचवत नाही. ताळेबंद वेळेवर वाचून प्रश्न विचारणारे सभासदच तिला सांभाळू शकतात.

तरी सर्वांनी अहवाल घरात मोठ्याने वाचावा. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडून वाचून घेतला तरी चालेल. ज्यांच्या नावावर शेअर आहे अशा माता-भगिनींनीही सभेस यावे. समजले नाही तर गट ऑफिसात विचारावे. आकडे समजावून सांगायला आमचे खाते तयार आहे.

— ऊस विकास अधिकारी, भिंगार गट