मूळपेशींचा वाद आणि आपण

मी डॉक्टर नाही. माझी शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मूळपेशींसारख्या विषयावर मी का बोलावे, हे आधी सांगणे भाग आहे.

कुपवाडच्या एका कारखान्यात टर्नर असलेला आमचा एक सभासद दोन वर्षांपूर्वी युनियनच्या कचेरीत आला. मुलाला स्नायू झिजत जाण्याचा आजार. एका मोठ्या शहरातील दवाखान्याने मूळपेशींची इंजेक्शने सुचविली होती. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले, तासगावकडची अर्धा एकर जमीन विकली. तीन फेऱ्या झाल्या, मुलगा होता तसाच. "अण्णा, एवढे कागद वाचून सांगा की," इतकेच तो म्हणाला. ते कागद वाचता वाचता मी ह्या विषयात शिरलो.

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरून गेलेले असते. कारखान्यात कोणी टर्नर, कोणी फिटर, कोणी वेल्डर असतो तसे. डॉक्टर मंडळी जिला स्टेम सेल म्हणतात ती मूळपेशी मात्र उमेदवारासारखी असते. ती आपल्यासारख्या आणखी पेशी निर्माण करते आणि वेळ येताच एखाद्या ठराविक कामाची पेशीही बनते. अस्थिमज्जेतील मूळपेशी रक्त घडवितात. 1983 साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जेचे रोपण यशस्वी करून दाखविले, आणि रक्ताच्या काही रोगांवर हा उपचार आज सर्वमान्य आहे. त्यावरून कोठे धार्मिक वादळ उठले नाही.

वादळ उठले ते भ्रूणातील मूळपेशींवरून. 1998 साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून त्या वेगळ्या करून वाढविल्या. असा भ्रूण पाच-सहा दिवसांचा, शे-दीडशे पेशींचा, टाचणीच्या टोकाहूनही लहान असतो. परीक्षानळीतील गर्भधारणेच्या उपचारात जे भ्रूण उरतात, त्यांतलाच तो. पण पेशी काढताना तो नष्ट होतो. गर्भधारणेच्या क्षणापासूनच जिवाला माणूस म्हणून वागविले पाहिजे, अशी कॅथॉलिक चर्चची शिकवण असल्याने हे काम त्याला मान्य नाही. ज्यू धर्मशास्त्र पहिल्या चाळीस दिवसांत गर्भाला तो दर्जा देत नाही. पुष्कळ मुसलमान धर्मपंडित 120 व्या दिवशी आत्मा येतो असे मानतात. इराणात तर हे संशोधन धर्मगुरूंच्या संमतीने चालले.

आता राजकारणाची करामत पाहा. 9 ऑगस्ट 2001 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की, त्या तारखेपूर्वी तयार झालेल्या पेशींच्या वाणांवरील संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल. बियाण्याचे जसे वाण असते, तसे एका भ्रूणापासून वाढविलेल्या पेशींचे हे वाण. त्याच महिन्यात 64 वाणांची यादी निघाली. तीत सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसचे होते! वॉशिंग्टनमधील धर्मनिष्ठ मतदारांना सांभाळण्यासाठी ओढलेल्या रेघेने मुंबईच्या प्रयोगशाळेचे नाव जगभर नेले. यादीतील अनेक वाण पुढे कामाचे निघाले नाहीत, ही गोष्ट वेगळी. मार्च 2009 मध्ये ओबामा यांनी ते बंधन उठविले. दरम्यान जपानच्या यामानाका यांनी 2006 साली उंदरांच्या आणि 2007 साली माणसाच्या कातडीतील पेशी मागे फिरवून त्यांना भ्रूणातील मूळपेशींसारखे केले. भ्रूणाला हात न लावता हे साधले. 2012 चे नोबेल त्यांना विभागून मिळाले.

आपल्याकडे काय झाले? भ्रूणहत्येला आपल्या धर्मग्रंथांनी महापातक म्हटले आहे, तरी ह्या संशोधनाविरुद्ध कोठे मोर्चा निघाला नाही. ह्याला कोणी सहिष्णुता म्हणेल. मला वाटते, आपण वादच घातला नाही. धर्म आला तो वेगळ्याच दाराने. जानेवारी 2019 मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी सांगितले की, कौरवांचा जन्म मूळपेशी आणि परीक्षानळीच्या तंत्राने झाला. गांधारीच्या तुपाच्या घड्यांची कथा मीही आजीच्या मांडीवर ऐकली आहे, आणि कथा म्हणून ती मला अजून आवडते. पण पूर्वजांना सगळे ठाऊकच होते असे एकदा मानले, की समोरच्या दवाखान्याकडे पुरावा मागण्याची सवय मोडते. ती सवय लावण्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर गावोगाव हिंडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भोंदूबाबाला तो पकडतो. पांढरा डगला घालून आशा विकणाऱ्याला कोण पकडणार?

राज्यकर्त्यांनी काहीच केले नाही असे नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2007, 2013 आणि 2017 साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. 2017 च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या रोगांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो आणि चाचणीतील रोग्याकडून पैसे घ्यायचे नसतात. स्वमग्न मुलांवर हा उपचार करणे हे गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये बजावले. पण तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. 1948 च्या कारखाने कायद्याखाली आम्ही उभी हयात काढली. त्यात कलमे पुष्कळ होती, पण निरीक्षक फाटकात कधी दिसला तर दिसला. अमेरिकेत दार बंद करायचे की उघडे ठेवायचे यावर भांडण झाले. आपले दार सताड उघडे राहिले आणि संशोधकाच्या आधी व्यापारी आत शिरला.

म्हणून कोणी अशी इंजेक्शने सुचविली, तर दोन गोष्टी विचाराव्यात. हा मान्य उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल, तर सीटीआरआय ह्या सरकारी नोंदवहीतील तिचा क्रमांक काय, आणि मग पैसे कशाचे? ही नोंदवही कोणालाही पाहता येते.

टर्नरच्या पिशवीत अकरा पावत्या निघाल्या. क्रमांक एकाही कागदावर नव्हता.